बाबांच्या नावावर आईची दारू

माझी आई प्यायची. मी सोळा वर्षांची होईपर्यंत हे तीन शब्दांचं वाक्य आमच्या घरात कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. बाकी शब्दांची काही टंचाई नव्हती. "आईची पाठ धरलीय." "आईला आज उजेड सोसत नाहीये." "आई जरा पडलीय." यातलं शेवटचं तर बहुतेक वेळा शब्दशः खरं असायचं. बाबांनी या सगळ्यासाठी एक सभ्य शब्द शोधून काढला होता, हवामान. कामावरून आले की दारातच बुटांच्या नाड्या सोडता सोडता ते माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. "हवामान?"

मी सांगायचे, "निरभ्र." किंवा "ढगाळ." एकदा मी "वादळ" म्हणाले, तेव्हा त्यांनी सोडलेल्या नाड्या पुन्हा बांधल्या, खाली गेले आणि तासाभराने एक पाव घेऊन परत आले. पावाचं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच होतं.

आई कपडे दुरुस्त करायची. नवे शिवायची नाही. "नवं काय, कुणीही शिवतं. फाटलेलं नीट करायला अक्कल लागते," असं तिचं म्हणणं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन, शेजारी इस्त्रीचं टेबल, आणि भिंतीवर लोकांच्या पँटी, कोट, चेन तुटलेली जाकिटं. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीबाई म्हणायची. एकही टाचणी न पाडता ती गिऱ्हाइकाशी भांडायची, हसायची, फोनवर बोलायची. जिच्या तोंडात टाचण्या आहेत ती बाई पिणार कशी, अशी बाबांची एक जुनी आशा होती. आशा भाबडी होती. टाचण्या उशीला खोचायला एक सेकंद लागतो आणि परत ओठांत धरायला दोन.

हात मात्र असा, की कोटाला पडलेलं भोक तिने रफू केलं तर कोटाच्या मालकाला ते सापडायचं नाही. बिचारा चष्मा लावून शोधत बसायचा. "इथंच होतं हो." "मग असेल तिथंच," आई म्हणायची, "शोधा." सकाळी अकरापर्यंत तिच्यासारखी कारागीर नव्हती. दुपारी तीननंतर तिच्याकडे कुणी रुमालसुद्धा देऊ नये.

एक बाटली अस्तराच्या चिंध्यांच्या पोत्यात असायची, एक मशीनच्या खालच्या कप्प्यात. तिसऱ्या जागेसाठी मात्र तिला बुद्धीचं बक्षीस द्यायला हवं होतं. इस्त्री करताना कपड्यावर पाणी मारायचा फवारा असतो ना, तो! पाण्यासारखी पांढरी दारू, पाण्याचाच फवारा, संशय कोण घेणार? घोळ एवढाच झाला, की एकदा दोन फवाऱ्यांची अदलाबदल झाली आणि तिने एका नवरदेवाचा कोट त्यातल्या मालाने भिजवून कडक इस्त्री केला. नवरदेव सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. लग्नाच्या हॉलमध्ये सासऱ्याने जावयाला मिठी मारली आणि मिठीतच थबकला. दुसऱ्या दिवशी नवरदेव कोट घेऊन आमच्या दारात उभा. बाबा पुढे झाले. "डाग काढायचं औषध आहे," ते म्हणाले, "बाहेरून मागवलेलं." एवढ्यावर भागेना, म्हणून सासऱ्याच्या घरी जाऊन त्यालाही पटवून आले. बाबांची नोकरी पाण्याचे मीटर वाचायची. पण खरा हुद्दा हा होता, आईच्या मागून जाऊन पुसणे.

स्वतः बाबा कशाला शिवायचे नाहीत. तत्त्व वगैरे काही नव्हतं, त्यांना साध्या सोड्यानेही ठसका लागायचा. दिवसभर हातात टॉर्च घेऊन लोकांच्या जिन्याखाली, तळघरात, परसात शिरायचं, धूळ पुसून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. ते त्यांना मनापासून आवडायचं. कुठल्या घरचा नळ रात्रंदिवस टिपकतो, कुठल्या घरचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, सगळं पाठ. "लोक आपल्याला थेट तळघरात घेतात," ते अभिमानाने सांगायचे. "पाहुण्यांना फक्त बैठकीत घेतात."

मी अकरा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात राजा झाले. आईने झगा शिवला, जांभळा, सोनेरी काठाचा, बघत राहावा असा. पडदा उघडायला पाच मिनिटं होती. मी झगा डोक्यातून घातला, हात बाह्यांत घातले, तर पुढे रस्ता बंद! दोन्ही बाह्यांची तोंडं तिने शिवून टाकली होती. बारीक, सुबक टाके, उसवता उसवेनात. मी तशीच रंगमंचावर गेले. मुकुट घसरून नाकावर आला तो वर सारायला हात नाही. तलवार प्रधानाने उपसली, शत्रूला प्रधानाने मारलं, शेवटी हारही प्रधानाच्याच गळ्यात पडला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. आणि दुसऱ्या रांगेत माझी आई उभी राहून टाळ्या पिटत होती आणि शेजारच्या बाईला ओरडून सांगत होती, "डिझाइन माझं आहे!"

"तिला वाटलं असेल, राजाला हातांचं काय काम," बाबा नंतर मला म्हणाले. "सगळं करायला माणसं असतात." मी दोघांशी नऊ दिवस अबोला धरला. त्यातले पहिले चार दिवस कुणाच्या लक्षातच आले नाहीत.

आणि मी सोळाची असताना आमच्या गल्लीत सिनेमा आला.

म्हणजे शूटिंग आलं. आमचीच इमारत निवडली म्हणून आधी सगळे फुशारले. मग कळलं, की त्यांना पोपडे उडालेली, बघितल्यावर जीव उदास होईल अशी इमारत हवी होती. गोष्ट अशी होती, की बाप दारुडा, त्याच्यापायी घर धुळीला मिळतं, मुलगी हुशार, शेवटी बाप सुधारतो. दिग्दर्शक सत्तावीस वर्षांचा होता. त्याचे आई-बाप दोघंही दातांचे डॉक्टर. त्याच्या घरातलं सगळ्यात कडक पेय म्हणजे चूळ भरायचं औषध. बापाचं काम करणारा नट मात्र नावाजलेला होता. तो घरून उकडलेल्या भाज्यांचा डबा आणायचा आणि बाहेरच्या पाण्याच्या ग्लासाकडे संशयाने बघायचा.

तळमजल्यावरची रिकामी जागा त्यांनी भाड्याने घेतली आणि कपड्यांसाठी हाताशी कुणीतरी हवं म्हणून आईला कामावर घेतलं. पहिलंच काम काय, तर बारा कोरे शर्ट जुने करायचे. "आयुष्यभर मी जुन्याचं नवं केलं," आई घरी येऊन म्हणाली, "आता हे नव्याचं जुनं करा म्हणतात. जग बिघडलंय." पण कॉलरी किसणीने घासून, शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून तिने असे जुने केले, की दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा खाली शूटिंग चालू होतं. मी जिन्याच्या खिडकीतून डोकावले. बाप पिऊन घरी येतो, असा प्रसंग. नट दारातून झुलत आला, भिंतीला धडकला, फुलदाणी पाडली, कुणाला तरी शिवी दिली आणि जमिनीवर बसून हुंदके द्यायला लागला. कॅमेऱ्याच्या मागून फस्सकन आवाज आला.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "कोण हसलं?"

सगळ्यांनी आईकडे बघितलं. टाचण्या ओठांत असल्यामुळे तिचं हसू दोन्ही बाजूंनी निसटत होतं.

"मी," ती म्हणाली. "चुकलं. पण हे काय चाललंय? भूकंप आहे का?"

"ताई, तो प्यायलेला आहे."

"हा? छे! हा प्यायल्याचं सोंग करणारा शुद्धीतला माणूस आहे. पिणाऱ्याचं उलटं असतं."

नट उठून कपडे झटकत पुढे आला. "उलटं म्हणजे?"

आईने टाचण्या काढून मनगटावरच्या उशीला खोचल्या. "तो न प्यायल्याचं सोंग करतो. जीव तोडून करतो. डॉक्टर डोळ्याचं ऑपरेशन करतो ना, तशी किल्ली भोकात घालतो. दाराचा आवाज होऊ देत नाही. बूट काढून फूटपट्टी लावल्यासारखे सरळ ठेवतो. घरात सगळ्यात सरळ ठेवलेले बूट कुणाचे ते बघा, तो पिणारा. मग आत येऊन विचारतो, 'जेवलात का?' झालं, एवढंच. पण तेच तीनदा विचारतो."

नटाने करून बघितलं. आवाज न करता दार लावलं. बूट सरळ ठेवले, परत वाकून अजून सरळ केले. मग सिनेमातल्या मुलीकडे वळून गोड हसला. "जेवलीस का?" दोन पावलं चालला. "जेवलीस का?" खुर्चीत बसला. "जेवलीस ना?"

हा प्रश्न मी घरी असाच तीन-तीनदा ऐकायचे.

"ताई," दिग्दर्शकाने हळूच विचारलं, "तुम्हाला हे सगळं कसं काय माहीत?"

आईने उशीवरची एक टाचणी काढली, परत तिथंच खोचली.

"आमचे मिस्टर," ती म्हणाली.

आमचे मिस्टर त्या वेळी कुणाच्या तरी तळघरात टॉर्च घेऊन ओणवे झालेले असणार.

संध्याकाळी जेवताना तिने ते सांगून टाकलं, कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं असं सांगावं तशा सुरात. "अहो, त्या सिनेमावाल्यांना मी सांगितलंय की तुम्ही पिता."

बाबांचा चमचा वाटीतच राहिला. "मी?"

"सहज गेलं तोंडातून."

"बरं," बाबा म्हणाले. दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "किती?"

"काय किती?"

"किती पितो मी? उद्या कुणी विचारलं, तर दोघांनी एकच आकडा सांगायला हवा ना."

मी ताट ढकललं. "चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"फाशी कुठंय," बाबा म्हणाले, "सिनेमा आहे."

तीन-चार दिवसांत बातमी गल्लीभर झाली. आईबद्दल गल्लीला आधी माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण बाबा पितात हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलेलं मी बघितलं. अच्छा, म्हणजे तो वास यांचा होता तर! बाई पिते हे पचवायला जड, पुरुष पितो हे आयतं पचलेलंच असतं. पाववाल्याने बाबांच्या हातात एक पाव जास्तीचा ठेवला आणि खांद्यावर थोपटून म्हणाला, "सोडा आता. मुलगी मोठी झाली." बाबा म्हणाले, "प्रयत्न चालू आहे."

नट तर बाबांचा शिष्यच झाला. तीन दिवस तो डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा घालून त्यांच्या मागोमाग मीटर बघत हिंडला. टॉर्च धरून धरून बाबांचा हात थरथरायचा, ते त्याने दारूच्या खात्यात टिपलं. तिसऱ्या मजल्यावर बाबा दम खायला थांबले, तेही टिपलं. एका दुकानात त्याने बाबांना सोडा पाजला आणि बाबांना नेहमीसारखा ठसका लागला, तेव्हा तो हळहळला. "काका, आता साधा सोडाही झेपत नाही तुम्हाला." बाबांनी डोळे पुसत मान हलवली. आई घरी विचारायची, "आज काय काय सांगितलंत?" आणि दोघं मिळून बाबांच्या व्यसनाचा इतिहास जुळवत बसायचे. खरं सांगू का, कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं एकत्र बसलेलं बघितलं नव्हतं. मला दोघांचीही शिसारी आली होती.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी बाबा दुपारी तीनलाच घरी आले. दारात भुवया उडवल्या नाहीत, हवामान विचारलं नाही. येऊन पलंगाच्या कडेला बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मीटरच्या फेऱ्या काढून घेतल्या." ते आपल्या टॉर्चकडे बघत होते. "तक्रार गेली म्हणे. लोकांच्या घरात जाणारा माणूस पिणारा नको. उद्यापासून मागच्या खोलीत बसून कागदांवर शिक्के मारायचे."

"तुम्ही सांगितलं नाही, की तुम्ही थेंबसुद्धा घेत नाही?"

"सांगणार होतो. मग साहेबांनी विचारलं असतं, बायको असं का म्हणाली? त्याचं काय उत्तर देणार?"

मशीनवर आईचा पाय थांबला. मग पुन्हा सुरू झाला. हवामान त्या दिवशी ढगाळ होतं.

चार वाजता ठरल्याप्रमाणे नट वही घेऊन हजर. बाबा त्याला आज जा म्हणू शकले असते. पण त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, त्याने ते अर्थातच प्यायलं नाही.

"काका, आज जरा आतलं बोलू या," तो म्हणाला. "सगळ्यात वाईट दिवस कुठला होता?"

मला वाटलं, बाबा नेहमीसारखं काहीतरी जुळवून सांगतील. पण ते खाली बघून सांगायला लागले.

"मुलगी चार वर्षांची होती. तापाने फणफणलेली. बायको कामावर आणि मी घरी. बायको आली तर पोर नळाखाली बसलेली, हातात रिकामा ग्लास. पाणी हवं होतं तिला, हात पोचत नव्हता. स्टूल ओढून आणलं होतं, त्यावरून पडली होती. कपाळाला टेंगूळ. आणि मी खुर्चीत. बायकोने हलवून जागं केलं, तर मी काय म्हणालो माहितेय? 'जेवलात का?'"

मला यातलं काहीही आठवत नाही. हात नकळत कपाळावर गेला.

"काकू चिडल्या असतील."

"नाही. तिने पोरीला पाणी दिलं. मग माझे बूट वाटेत पडले होते ते उचलून सरळ ठेवले. बुटांचं त्या दिवशी तुम्हाला चुकीचं सांगितलंय. पिणारा नाही ठेवत सरळ. सकाळी उठून बघतो तेव्हा ते सरळ असतात, म्हणून त्याला वाटतं आपणच ठेवले."

मशीन थांबलं होतं.

"काकूंना कधी सोडून जावंसं नाही वाटलं?" नट भराभर लिहीत होता.

"एकदा बॅग भरली होती. जिन्यापर्यंत गेलोसुद्धा." बाबांच्या लक्षातही आलं नाही, की ते बायकोऐवजी स्वतःचंच बोलून गेले. "मग वाटलं, मी गेलो तर हिला उठवणार कोण?"

"हिला?" नटाने वर बघितलं.

आई उभी राहिली. तोंडातल्या टाचण्या तिने हातावर थुंकल्या.

"खोडा ते सगळं," ती नटाला म्हणाली. "या माणसाला सोड्याने ठसका लागतो. पिते ती मी."

"अगं, त्यांचं काम चाललंय..." बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला साधं दारुड्याचं कामसुद्धा धड येत नाही."

नटाने एकदा आईकडे बघितलं, एकदा बाबांकडे. माणूस नावाजलेला होता, पण त्या क्षणी त्याला एकच प्रश्न सुचला. "म्हणजे मी आता कुणासारखं करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिचा चांगला कोट काढला. बटणं एकेक घर चुकवून लावली. सकाळपासून काही घेतलं नव्हतं. मला म्हणाली, "चल." कुठं ते सांगितलं नाही.

पाणीखात्याचं ऑफिस. आई सरळ खिडकीशी गेली. "बाई, रांगेत या," आतला कारकून म्हणाला. आमच्यापुढे अकरा माणसं होती. आई रांगेत उभी राहिली. पाऊण तास! कपाळावर घाम, ओठ कोरडे. दोनदा तिने दाराकडे बघितलं, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, आता ही पळणार. पळाली असती तर मी तिच्याशी आयुष्यात बोलले नसते, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

नंबर आला.

"काय तक्रार आहे?" कारकुनाने मान वर न करता विचारलं. "पाणी कमी येतं?"

"नाही," आई म्हणाली. "दारू जास्त होते."

कारकुनाने मान वर केली.

"तुमच्याकडे मीटर वाचणारा जो माणूस आहे, ज्याला तुम्ही शिक्के मारायला बसवलंय, त्याने जन्मात पाण्याशिवाय काही प्यायलेलं नाही. पिते मी. सिनेमावाल्यांना मी त्याचं नाव सांगितलं. मी खोटं बोलले." तिचा आवाज मुळातच खणखणीत. मशीनच्या आवाजावरून बोलायची सवय. सगळी रांग वळून बघायला लागली. केबिनमधून साहेब बाहेर आले. मागच्या खोलीतून बाबा आले, हातात शिक्का तसाच.

साहेबांनी आईला वरपासून खालपर्यंत बघितलं, चुकलेली बटणं बघितली. मग घसा खाकरला. "हे असं तोंडी चालत नाही. लेखी द्या."

आईच्या हातात पेन ठरेना, म्हणून मी लिहिलं. महोदय, या अर्जाद्वारे कळवते की आमच्या घरात दारू पिणारी मी असून माझे पती नाहीत, तरी त्यांच्या फेऱ्या त्यांना परत मिळाव्यात, ही विनंती. "वर विषय लिहा," कारकून म्हणाला. मी "विषय: दारू" असं लिहिलं. आईने सही केली, सहीसारखं काहीतरी. कारकुनाने अर्ज घेतला आणि शिक्क्यासाठी बाबांपुढे हात केला. पण बाबांनी स्वतःच वाकून त्यावर "पोचला" असा शिक्का मारला. फार जोरात मारला.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून तिने सोडली. त्या दिवशी घरी येऊन ती इतकी प्यायली, की संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बाबांच्या फेऱ्या नऊ दिवसांनी परत मिळाल्या. आई दवाखान्यातून तीन आठवड्यांनी परत आली. मग दर बुधवारी ती बालवाडीच्या एका वर्गात जायची. तिथं सोडू बघणारी माणसं जमायची आणि एवढ्याएवढ्याशा खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून बसायची. "त्या खुर्चीत बसून माणूस खोटं बोलूच शकत नाही," आई सांगायची. "आधीच इतका हास्यास्पद दिसतो." पाच महिन्यांनी ती घसरली. परत सुरुवात. चौदा महिन्यांनी पुन्हा घसरली. त्यानंतर नाही.

सिनेमाचं सांगायचं राहिलं. दिग्दर्शकाला सगळं कळल्यावर तो हरखला होता, बापाऐवजी आईच करू या म्हणाला. पण निर्माता म्हणाला, आई पिते हे लोकांना बघवणार नाही. तेव्हा पडद्यावर बापच प्यायला. आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. त्यातला बाप एका गाण्यात सुधारला. "एवढ्या वेळात हँगओव्हरसुद्धा उतरत नाही," आई म्हणाली, तर पुढचा माणूस वळून श्श म्हणाला. बाह्या शिवलेल्या राजाचा प्रसंगही होता, तो बाबांनीच नटाला सांगितला असणार. पोर रंगमंचावर रडते, बाप प्रेक्षकांतून धावत येतो आणि दातांनी टाके तोडून तिचे हात मोकळे करतो. सगळं थिएटर मुसमुसत होतं. मी अंधारात आईकडे बघितलं. तिचे डोळे पुसून झाले होते.

"दातांनी नाही तुटणार ते," ती कुजबुजली. "टाके माझे होते. ब्लेड लागलं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "मी ब्लेड घेऊन वर यायला हवं होतं." माफ केलं म्हणावं तर ते खोटं झालं असतं, आणि खोट्याचा आमच्याकडे पुरेसा साठा झालेला होता.

पण सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो ती पूर्ण सुटल्यावर. मी तेव्हा शिकायला दुसऱ्या गावी होते. शुद्धीतल्या आईला मतं होती. खिडकी उघडी हवी, रेडिओ हळू हवा, बाबांनी एकच स्वेटर चार दिवस घालू नये. आणि बाबांना पुसायला काही उरलं नाही. एके दिवशी तिचा फोन आला, आवाज नुसता आनंदाने फुटत होता. "तुझे बाबा माझ्यावर ओरडले!"

"कशावरून?"

"खिडकीवरून सुरुवात झाली. मग मागचं सगळं निघालं. दीड तास! मला माहीतच नव्हतं, यांना एवढा आवाज आहे."

दुसऱ्या दिवशी बाबा बॅग भरून काकांकडे गेले. ती बरी झाल्यावर गेले! मी रडकुंडीला येऊन फोन केला, तर बाबा म्हणाले, "आधी कसा जाणार होतो? आता तिला उठवायला नको, ती आपली आपण उठते. म्हटलं, आपणही बघावं जाऊन." दोन महिने ते काकांकडे राहिले, काकूचं डोकं खाल्लं, त्यांच्या गळक्या नळाचा वॉशर बदलला. मी आईला रोज फोन करायचे आणि रोज मनात हवामानाचाच प्रश्न असायचा. ती प्यायली नाही. बुधवार चुकवला नाही. बाबांना बोलावलंही नाही. "येतील तर येतील," म्हणायची, "नाही तर मी कुठं त्यांना शिवून ठेवलंय."

मग एका सकाळी बाबा दारात आले. हातात एक नवी पँट. आईकडे दोन गिऱ्हाइकं होती, तर ते त्यांच्यामागे नंबर लावून उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "लांब होतेय. खालून कमी करायचीय."

आईने टेप काढला, त्यांना स्टुलावर उभं केलं, खाली बसून खडूने खूण केली. "गुरुवारी मिळेल."

गुरुवारी ते पँट न्यायला आले आणि परत काही गेले नाहीत. पँट दोन इंच आखूड झाली होती. आईने ती मुद्दाम केली की चुकून, हे विचारायची माझी छाती नाही. बाबा ती अजून घालतात. मोजे दिसतात, म्हणून त्यांनी बरे मोजे घ्यायला सुरुवात केली आहे.